अर्ज आमचा, दार कुणाचं?



नोकरीचा अर्ज म्हणजे कारकुनांचा विषय, गिरणी कामगाराला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. ज्याला काकाच्या ओळखीवर किंवा शेठजींच्या जावयाच्या एका शब्दावर खुर्ची मिळते, त्याला अर्जाची फिकीर कशाला असेल? त्याचा अर्ज मागाहून येतो, रजिस्टर भरण्यापुरता. अर्ज लागतो तो ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्याला. म्हणजे आपल्या पोरांना लागतो, गिरणी बंद पडल्यावर चाळिशीत नव्याने दारे ठोठावणाऱ्याला लागतो. म्हणून हा विषय आम्ही इथे मांडतो आहोत, आणि थोडा सविस्तर मांडतो आहोत.

आधी जुने दिवस आठवा. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. तेव्हापासून पुढची ऐंशी-एक वर्षे गिरणीच्या दाराशी अर्जाची पेटी कुणी पाहिली नाही. दाराशी होता जॉबर. रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेला पोरगा, साताऱ्याच्या घाटावरून आलेला गडी, उत्तरेतून आलेला भय्या, मदनपुऱ्यातला जुलाहा, सगळ्यांची परीक्षा घेणारा तोच. प्रश्नही ठरलेले. गाव कुठलं? जात कुठली? कुणाचा कोण? चौथा प्रश्न तोंडाने विचारायचा नसे, तो दस्तुरीचा. वायंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत बायांवर नायकीण होती, आणि तिची रीतही फार वेगळी नव्हती.

जॉबर कामावर घेई, काम करून घेई, आणि मर्जी फिरली की काढूनही टाकी. वर उसने पैसे देई आणि व्याज घेई. ब्रिटिश सरकारने १९२९ साली नेमलेल्या कामगार आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर चांगलेच कोरडे ओढले. मालकांना हे सगळे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? पण सकाळच्या भोंग्याला माणसे मोजून हजर करणारा जॉबर त्यांना सोयीचा होता. खरे बोलायचे तर जॉबर निव्वळ राक्षसही नव्हता. परक्या शहरात खानावळीत उधारी मिळायची ती त्याच्या शब्दावर, आणि गाळ्यात पथारी टाकायला जागा मिळायची तीही कित्येकदा त्याच्याच ओळखीने. राग आम्हाला त्या माणसाचा नाही. एका माणसाच्या मर्जीवर हजारोंची चूल पेटायची किंवा विझायची, त्या व्यवस्थेचा आहे.

आणि त्या मर्जीला जातीचा वास होता. साचेखात्यात, म्हणजे जिथे चार पैसे जास्त मिळत तिथे, अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. कारण काय सांगत? धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. झाला विटाळ! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. मालकाविरुद्ध एकी मागता, मग साच्यावर आमच्या माणसाला उभे का राहू देत नाही, असा तो सरळ सवाल होता. आपल्या चळवळीने त्या सवालाला वेळेवर आणि छातीठोक उत्तर दिले असे आम्ही तरी म्हणणार नाही. जुना इतिहास उगाळण्याची हौस म्हणून हे काढलेले नाही. आजच्या अर्जाशी त्याचा संबंध आहे, आणि तो आम्ही दाखवणार आहोत.

जॉबरच्या हातून भरती काढून कागदावर आणण्याचे प्रयत्न झाले. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रणाची योजना आली. बदली कामगाराला कार्ड मिळाले, रोज सकाळी कार्डवाल्याने हजर राहायचे आणि रिकामी जागा आधी त्याला द्यायची. १९५० साली कामगारांची नोंद ठेवून बदलीचा बाजार आवरण्याची आणखी एक योजना मुंबईत सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामे मिळावीत म्हणून १९४५ साली सरकारने नोकरी नोंदणीची कचेरी काढली होती, ती पुढे सर्वांना खुली झाली. मग १९५९ चा कायदा आला. मोठ्या कारखान्यांनी आणि कचेऱ्यांनी आपल्याकडच्या रिकाम्या जागा या कचेरीला कळवल्याच पाहिजेत, असे त्यात सांगितले होते. हा कायदा अमलात आला तो दिवस ठाऊक आहे का? १ मे १९६०! मराठी राज्याचा मंगल कलश ज्या दिवशी आला, तोच दिवस.

पण मेख कुठे होती ती बघा. जागा कळवा, असे कायदा म्हणत होता. कळवलेल्या जागेवर त्या कचेरीने पाठवलेला माणूस घ्या, असे बंधन त्यात नव्हते. वर कचेरीतल्या अकुशल कामाच्या जागा त्यातून वगळलेल्याच होत्या. म्हणजे आमच्या पोराने रांगेत उभे राहायचे, कार्ड काढायचे, मुदत संपली की नूतनीकरण करायचे, आणि जागा भरली जायची भलत्याच वाटेने. किती घरांत ती पिवळी पडलेली कार्डे ट्रंकेच्या तळाशी सापडतील! कागद आला, पण कागदाला दात दिले नाहीत.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात माणसे बाहेर पडली, आणि त्यातली फार मोठी संख्या पुन्हा आत गेलीच नाही. वीस-वीस वर्षे साच्यावर काढलेला माणूस पहिल्यांदा अर्ज लिहायला बसला. आणि त्याने काय लिहिले? 'शिक्षण : सातवी. अनुभव : गिरणीत नोकरी.' संपला अर्ज! खाली, 'मी गरीब आहे, घरी पाच माणसे खाणारी आहेत, कृपा करून कोणतेही काम द्यावे. आपला आज्ञाधारक.'

बाबांनो, इथे आम्हाला थोडे भांडायचे आहे, आणि ते आपल्याच माणसांशी. ही कृपा कसली? आज्ञाधारक कुणाचे? आपण श्रम विकायला निघालो आहोत, झोळी घेऊन नाही. कापडाचा व्यापारी गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडतो तेव्हा 'माझ्या घरी पाच खाणारे आहेत' असे म्हणतो का? तो सूत दाखवतो, पोत दाखवतो, रंग पक्का आहे म्हणतो. आपणच आपले ठाण न उलगडता गिऱ्हाइकाच्या पाया पडायला निघतो. गरिबी अर्जात लिहून आजवर कुणाला जागा मिळालेली आम्ही पाहिली नाही. मिळाली असलीच तर कमी पगारावर मिळाली, कारण गरज किती आहे ते समोरच्याला आधीच कळलेले असते.

'गिरणीत नोकरी' या दोन शब्दांत काय काय दडले आहे ते उलगडून बघा. चार माग सांभाळणारा विणकर काय करतो? पाळीभर चार मागांवर डोळा ठेवतो. ताण्याचा एक धागा तुटला तर शेकडो धाग्यांत तो हुडकतो, गाठ अशी मारतो की ती फणीतून सुटून जाते आणि कापडावर डाग राहत नाही. कांडी संपायच्या आधी त्याला कळते की ती संपणार आहे. मागाच्या आवाजावरून कुठे बिघडले ते जॉबर यायच्या आत तो ओळखतो. रिंगखात्यातला तारवाला शेकडो चात्यांवर नजर ठेवतो आणि चालत्या यंत्रावर तुटलेली तार जोडतो. सायझिंगवाल्याला खळ किती दाट हवी आणि किती ऊन हवी हे हाताला कळते. हे सगळे चालते दमट, गरम खात्यात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, आणि रातपाळीलाही. आता हेच कागदावर येऊ द्या. 'चार साधे माग चालवले. कोणत्या काउंटचे सूत, कोणते कापड. तिन्ही पाळ्यांत काम केले. नव्या माणसांना शिकवले, किती जणांना. अपघात नाही.' यात खोटे काही नाही, फुगवलेले काही नाही. पण यंत्राची देखभाल, मालाची पारख, माणसे तयार करणे, वेळ पाळणे हे सगळे वाचणाऱ्याला दिसते. तो कापडाच्या धंद्यातला नसला तरी दिसते.

लिओनार्दो दा विंची या जगप्रसिद्ध इटालियन चित्रकाराची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानच्या सत्ताधीशाकडे काम मागण्यासाठी पत्राचा मसुदा केला. पत्रात एकेक कलम घालून त्याने काय लिहिले? हलके पूल बांधू शकतो, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढू शकतो, तोफा ओतू शकतो. चित्रे काढता येतात हे त्याने अगदी शेवटी लिहिले! कारण त्या सत्ताधीशाच्या डोक्यात तेव्हा लढाया होत्या, चित्रे नव्हती. ज्या दारात अर्ज टाकायचा त्या घरात काय अडलंय ते आधी विचारा, मग लिहा. इस्पितळाच्या वॉर्डबॉयच्या जागेसाठी लिहिताना मागांची संख्या शेवटी गेली तरी चालेल. रातपाळीची सवय, जखमी साथीदाराला उचलून दवाखान्यात नेल्याचा अनुभव, हे वर येऊ द्या. एकच अर्ज शंभर छापून शंभर ठिकाणी टाकणे म्हणजे एकाच मापाचा सदरा घरातल्या सगळ्यांना घालणे झाले.

आणि कागद जपा हो! गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा काय धावपळ झाली ते आठवा. कुणाचे तिकीट हरवलेले, कुणाचे विम्याचे कार्ड वाळवीने खाल्लेले, कुणाच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या पावतीवर नावच चुकीचे. बापाची तीस वर्षे सिद्ध करायला पोरगा कचेऱ्या पालथ्या घालत होता. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्यांना तर आम्ही हात जोडून सांगतो. तुमच्यातल्या कितीकांजवळ हजेरीचा साधा कागद नसतो. मागवाला असो, कांडीवाला असो, वहिफणीवाला असो, काम सोडताना अनुभवाचा दाखला मागून घ्या. तो देताना दिवाणजी कुरकुर करील. करू द्या.

आता आजच्या जमान्याकडे येऊ. आज अर्ज मोबाईलवरून जातो. बोट टेकवले की गेला. लोक म्हणतात, आता वशिला संपला, जॉबर संपला, सगळे यंत्र ठरवते. आम्ही म्हणतो, जरा थांबा. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज आधी संगणकातून चाळले जातात हे खरे. जाहिरातीत जे शब्द आहेत ते अर्जात आहेत का, शिक्षण तेवढे आहे का, मध्ये रिकामी वर्षे किती, असले निकष त्याला दिलेले असतात. पण निकष दिले कुणी? माणसानेच. 'किमान पदवीधर' अशी चाळणी लावली की वीस वर्षे यंत्र चालवलेला सातवी पास माणूस कुणाच्या नजरेला न पडताच गळतो. जुना जॉबर निदान तोंडावर नाही म्हणायचा, आणि पोरगा दुसऱ्या गिरणीच्या दाराशी तरी जायचा. आताचा हा जॉबर नाही सुद्धा म्हणत नाही. नुसता गप्प बसतो.

आणि गाव कुठलं, जात कुठली हे प्रश्न गेले का? ऐका. सुखदेव थोरात, आपल्या विदर्भातले अर्थशास्त्रज्ञ, आणि पॉल अ‍ॅटवेल या दोघांनी याची परीक्षाच घेतली. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांच्या मंडळींनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. अर्जांतली पात्रता तोडीस तोड. फरक होता नावात. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटणारे, एक दलित वाटणारे, एक मुसलमान. बोलावणे कुणाला आले? उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन तृतीयांश भरला, आणि मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश. हे सगळे मुंबईतून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात २००७ साली छापून आले. अमेरिकेतही बर्ट्रांड आणि मुल्लइनाथन या दोघांनी बोस्टन आणि शिकागोत असाच प्रयोग केला होता, त्याचा निष्कर्ष २००४ साली आला. तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे दीडपट बोलावणी आली. म्हणजे दुखणे एकट्या हिंदुस्थानचे नाही. पण त्याने आपले दुखणे हलके होत नाही.

धोटा तोंडाने ओढायची पद्धत केव्हाच मोडीत निघाली. विटाळ मात्र अर्जाच्या पहिल्या ओळीत येऊन बसला!

बरे, बोलावणे आले म्हणू. पोरगा इस्त्रीचा सदरा घालून मुलाखतीला गेला. तिथे काय विचारतात? त्याच साली, त्याच साप्ताहिकात, सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मोठमोठ्या कंपन्यांत नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांना बोलते केले होते. सगळे म्हणाले, आम्ही गुणवत्ताच बघतो, जात बघत नाही. आणि पुढच्याच श्वासात, उमेदवाराची घरची पार्श्वभूमी आम्ही जरूर विचारतो, म्हणाले. वडील काय करतात, भावंडे काय करतात, कुठल्या वस्तीत वाढलात.

वडील काय करतात! आमच्या पोरांच्या घशाला कोरड पडते ती या प्रश्नाला. 'वडील सर्व्हिसमध्ये होते' असे काहीतरी पुटपुटून ती वेळ मारून नेतात. लालबागचा पत्ता न लिहिता मावशीकडचा पत्ता लिहिणारेही आहेत. आम्ही त्यांना दोष देत नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण सांगतो, पुटपुटू नका. 'वडील गिरणीत साचेवाले होते, चार माग चालवायचे, आणि मी पहाटे त्यांचा डबा पोचवून शाळेत जायचो,' हे मान वर करून सांगा. समोरच्याला ते कमीपणाचे वाटले तर लाज त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. आणि तरी हा प्रश्न विचारलाच जाऊ नये, असे आमचे म्हणणे आहे. कामाला कोण येणार, पोरगा की बाप?

मुलाखत म्हणजे काही देवाचा कौल नव्हे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणीच्या नोकऱ्यांतली मुलाखत काढूनच टाकली. का काढली? वशिल्याला आणि पैसे खायला तिथे वाव होता म्हणूनच ना? मग खाजगी कारखान्यात फिटर घ्यायचा तर त्याला खुर्चीवर बसवून 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता' हे विचारण्याचे प्रयोजन काय? अहो, पुढच्या महिन्याचे भाडे देऊन घरातच बघतो स्वतःला! त्याच्या हातात पाना द्या, बिघडलेले यंत्र दाखवा, अर्ध्या तासात त्याची किंमत कळेल. हाताच्या कामाची परीक्षा हातानेच व्हावी. जिभेची परीक्षा विक्रेत्याची घ्या.

भाषेची गोष्टही इथेच येते, आणि ती टाळून चालणार नाही. मराठी ही राज्याची राजभाषा, तसा १९६४ चा कायदा आहे. पण खाजगी नोकरीच्या दाराला तो पोचत नाही. गोदामात पेट्या मोजायच्या, रात्री फाटकावर बसायचे, लिफ्ट चालवायची, या कामांचा अर्ज इंग्रजीत! मुलाखत इंग्रजीत! आणि कामावर लागल्यावर पहिल्या दिवसापासून मुकादमाची शिवी मात्र देशी भाषेत. इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. पोरांना शिकवा, चांगली शिकवा, आणि जिथे इंग्रजीचे काम आहे तिथे इंग्रजीची परीक्षा खुशाल घ्या. पण ज्या कामात इंग्रजीचा एक शब्द लागत नाही तिथे इंग्रजीची चाळणी लावणे म्हणजे जुना दस्तुरीचा प्रश्न नव्या कपड्यांत विचारणे आहे. आणि ही मागणी एकट्या मराठी माणसाच्या सोयीची नाही. सोलापूरचा तेलुगू पद्मशाली घ्या, भिवंडीचा उर्दू बोलणारा विणकर घ्या, तोही मोडकीतोडकी का होईना मराठी बोलून कामाचे नीट सांगतो. इंग्रजीपुढे आम्ही सगळे सारखेच मुके होतो.

गिरण्यांच्या जमिनीवर आज मॉल आहेत, काचेचे मनोरे आहेत, ते रोज बघता ना? मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणी हलवली किंवा मालकाने त्या जागी दुसरा उद्योग उभारला, तर कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या निदान एकाला पात्रतेप्रमाणे अग्रक्रमाने काम द्यावे, आणि भरतीच्या आधी मालकाने त्याला शिकवून तयार करावे, असे त्यात लिहिलेले होते. लिहिलेले होते, बरे का, नुसते तोंडी आश्वासन नव्हते! ज्याच्या घरी असे शिकवणीचे बोलावणे आले असेल त्याने हात वर करावा. आम्ही जिथे जिथे बोललो तिथे हात वर करणारे फार दिसले नाहीत. त्याच जमिनीवरच्या दुकानात सामान उचलायच्या कामासाठी आमचा पोरगा कंत्राटदाराच्या माणसाकडे अर्ज देतो, आणि 'कळवू' म्हणून परत येतो. ज्या फाटकातून त्याचा आजा भोंग्याबरोबर आत जायचा तेच फाटक!

जाता जाता एक सावधगिरीची गोष्ट. मोबाईलवर निरोप येतो : तुमची निवड झाली आहे, मुलाखतीसाठी किंवा गणवेशासाठी अमुक रुपये भरा. भरू नका. एक पैसा भरू नका. ज्या दारात आधी पैसे मागतात त्या दारामागे नोकरी नसते, हे बदलीवर उभे राहिलेल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा. त्याने दस्तुरी दिली तेव्हा निदान चार दिवस काम तरी मिळायचे. हे नवे भामटे तेवढेही देत नाहीत. आणि सरकारी जागेसाठी अर्ज केला असेल तर त्याचे पुढे काय झाले हे विचारायला २००५ चा माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क. विचारत चला. विचारले की टेबलावरची धूळ जरा हलते.

भगिनींबद्दल बोलायचे राहिले, आणि ते शेवटी आले याचा राग मानू नका. संपानंतर कितीतरी घरे बायांनी चालवली. खानावळीत तीस-चाळीस माणसांचे दोन वेळचे जेवण, कोण उपासाचे, कोणाला वशाट चालत नाही, कोणाची उधारी किती, हे सगळे डोक्यात. महिन्याचा बाजार भावात बसवायचा, आणि जेवणाऱ्याने पैसे बुडवले तरी चूल थंड ठेवायची नाही. अशा बाईला मोठ्या कँटीनच्या जागेचा फॉर्म दिला तर अनुभवाच्या रकान्यात ती लिहिते 'निरंक'! वहिनी, निरंक कसला? रोज चाळीस माणसांचे जेवण, बारा वर्षे, खरेदी आणि हिशेब स्वतः सांभाळला, असे लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा लिहायला. तिलाही कळू द्या आई काय करत होती.

आता मालकांकडून आणि सरकारकडून आम्हाला काय हवे तेही सांगून टाकतो. प्रत्येक अर्जाला पोच मिळाली पाहिजे, आणि नकार असेल तर नकार, पण एका ठरावीक मुदतीत कळवला पाहिजे, कारणासकट. पहिल्या चाळणीत अर्जावरचे नाव, बापाचे नाव आणि पत्ता झाकून कामाचा मजकूर तेवढा वाचला जावा. हे अवघड नाही. बोर्डाच्या परीक्षेत पेपर तपासणाऱ्याला पोराचे नाव दिसत नाही. मुलाखतीत घरची चौकशी बंद. घटनेचे १६ वे कलम समान संधी देते ते सरकारी नोकरीपुरते. खाजगी भरतीतल्या भेदभावावरही दाद मागता येईल असा कायदा राज्याच्या विधानसभेने करावा, आणि त्यासाठी मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हा प्रश्न विचारणार आहोत, मग त्याचा झेंडा कुठलाही असो.

आणि आणखी एक. केंद्र सरकारच्या कित्येक भरतींत अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला परीक्षेला किंवा मुलाखतीला यायचे रेल्वेभाडे मिळते. खाजगी कंपनी बीडच्या पोराला मुलाखतीला मुंबईत बोलावते, दिवसभर बाकावर बसवते आणि संध्याकाळी 'साहेब आज नाहीत, पुढच्या आठवड्यात या' म्हणते. एस. टी.चे जाण्यायेण्याचे पैसे कुणाचे गेले? त्याच्या घरच्यांचे, बहुधा उसने काढलेले. मुलाखतीला बोलवाल तर भाडे द्या, आणि दिवस मोडलात तर दिवसाची मजुरी द्या. बघू मग साहेब त्या दिवशी जागेवर असतात की नाही!